पाणी सोडणे

कोठी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर
पंखा आहे, वारा नाही.
टोकन सदतीस.
वकील गुजरातीत वाचतात, मी मराठीत ऐकते:
आजरोज, अक्कलहुशारीने, राजीखुशीने,
कोणाच्याही दाबदबाणाविना
लिहून देणार चंद्रप्रभा, वय एकोणसाठ,
बाबाजीपुऱ्यातल्या दोन खोल्या आणि गच्चीवरचा
आपला हक्क कमी करते.

कमी.
घरात आम्ही हक्कसोड म्हणतो,
कचेरीत नुसतं कमी,
भाजीतल्या मिठासारखं.

पूर्वेस शिर्के यांची भिंत, पश्चिमेस गल्ली,
उत्तरेस म्युनिसिपालिटीची मोरी.
चतुःसीमा वाचून होतात.

अवेज? वकील विचारतात.
गजेंद्र माझ्याकडे बघतो.
अवेज नाही, मी म्हणते,
आणि लगेच वाटतं, इतक्या लवकर नको होतं म्हणायला.
मी काही थोर नाही.
तीन वर्षं रात्री दिवा मालवून
चौरस फुटाच्या भावाने त्या घराची किंमत केली आहे,
अर्ध्या हिश्शात गुडघ्याचं ऑपरेशन बसवून पाहिलंय,
उरलेल्यात दोन बांगड्या.

बाबा लालबागच्या टाकीवर वॉल्व्हमन.
कामावर जातो, असं कधी म्हणाले नाहीत.
म्हणायचे, पाणी सोडून येतो.
पहाटे साडेचार, खांद्यावर टी-आकाराची लोखंडी चावी,
मागे मी, फ्रॉकवर त्यांचा मफलर.
रस्त्यातलं झाकण उचलून चावी आत उतरवायचे,
दांड्याला कान लावायला सांगायचे:
ऐक, आजव्याहून निघालंय.
मग डावीकडे आटे. मी मोजायची.
बेचाळिसाव्याला
अख्खी गल्ली हंडे-बादल्या घेऊन जागी.

रोज पाणी सोडणारा हा माणूस,
आणि कशावरच त्याने पाणी सोडलं नाही.
ना ग्रॅच्युइटीतल्या चार महिन्यांच्या फरकावर,
ना शिर्क्यांच्या भिंतीने खाल्लेल्या वीतभर जागेवर.
नकाशा उशाशी घेऊनच गेले.

उजवा अंगठा ठेवा.
यंत्र म्हणतं, पुन्हा.
साबणाने झिजलेत ठसे, क्लार्क म्हणतो,
केसांना पुसा जरा.
मी अंगठा केसांवरून फिरवते
आणि तेवढ्यात विचारून घेते,
गजू, बाबांची चावी मला दे. बाकी काही नको.
तो खिशातला जुडगा चाचपतो.
कोणती?
लोखंडी. टी.
ती होय! ती तर मागेच भंगारात दिली गं,
रंगकाम काढलं तेव्हा.
चौदा किलो भरली.

चौदा किलो.
एवढी जड होती, आणि ते एका खांद्यावर.
मी जिच्यासाठी आले होते
ती दस्तात कुठेच नव्हती,
आणि माझ्याआधीच कोणीतरी सोडून दिली होती.

वर बघा, कॅमेऱ्याकडे.
फोटोत तू हसतेयस, गजेंद्र म्हणाला.

खाली सेवउसळ खाल्ली.
पैसे त्याने दिले, मी देऊ दिले.
डोळ्यांत पाणी दोघांच्याही,
दोघांनाही ते तर्रीवर ढकलता आलं.
रिक्षात बसवताना तो म्हणाला, येत जा.
मी म्हटलं, बघू.

मांजलपूरच्या फ्लॅटात कोणी पाणी सोडत नाही,
मोटर लावतात, येतं.
तरी साडेचारला जाग येते.
अंधारात मनगट आपसूक फिरतं,
डावीकडे बेचाळीस.
आणि बंद करताना एकेचाळीस.
मोजण्यात चुकत नाही मी.
बाबा सांगायचे, शेवटचा आटा आवळायचा नाही,
सैल ठेवायचा,
नाहीतर गंजून बसतो
आणि लागेल तेव्हा
उघडत नाही.